कर्मवीर भाऊराव पाटील : कमाईसाठी शाळा सोडायची नाही, शाळेसाठी कमाई करायची

22 सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात हा दिवस सणासारखा साजरा होतो. आपल्या खान्देशात मात्र त्यांचं नाव बहुतेक वेळा सामान्यज्ञानाच्या एका प्रश्नापुरतंच येतं. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कोण? एक गुण. मुलं उत्तर पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

खरं तर या माणसाचं आयुष्य आपल्याकडेच जास्त वाचलं जायला हवं. आठवी-नववीनंतर शाळेच्या पटावरून हळूच गायब होणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्या प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने ते वाचावं. ही मुलं कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. धुळ्यात पॉवरलूमवर जातात, जळगावात गॅरेजवर, वेल्डिंगच्या दुकानात, फर्निचरच्या कामावर, हॉटेलात. मूल हुशार नव्हतं म्हणून शाळा सुटली, असं फार कमी वेळा असतं. अब्बा आजारी पडले, घरभाडं थकलं, बहिणीचं लग्न निघालं, की पहिली शाळा सुटते. पोटासाठी कमावायचं की शिकायचं, या दोनपैकी एकच निवडा, असं परिस्थिती त्या मुलाला सांगते.

भाऊरावांनी आयुष्यभर एवढीच एक गोष्ट केली. ही निवड करायची वेळ गरीब मुलावर येऊ नये, म्हणून कमाई आणि शिक्षण त्यांनी एकाच छताखाली आणलं.

कोल्हापूरचे दिवस

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज या गावी झाला. घराणं जैन, शेतकरी. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते आणि नोकरी फिरतीची होती. आई गंगाबाई. कुटुंबाचं गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. लहानपणी भाऊराव अभ्यासात फार चमकले असं नाही. अंगाने मात्र दणकट, कुस्तीचा शौक आणि अन्याय दिसला की डोकं फिरणार. इस्लामपूरची एक गोष्ट सांगितली जाते. तिथे दलितांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला.

पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापुरात आले. राजाराम हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या काळचं कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचं कोल्हापूर. महाराजांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती. 1906 साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं होतं. गावाकडच्या मुलाला शहरात राहायला जागा आणि खायला भाकरी मिळाली, तर तो शिकतो. हे साधं सत्य भाऊरावांनी इथे डोळ्यांनी पाहिलं.

1908 मध्ये दलित विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर जैन बोर्डिंगमध्ये त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला. परिणाम ठरलेलाच होता, बोर्डिंगमधून नाव कमी झालं. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पण मॅट्रिकपर्यंत त्यांची गाडी गेलीच नाही. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेला हा माणूस पुढे शेकडो शाळांचा संस्थापक झाला आणि पुणे विद्यापीठाने त्याला डी.लिट. दिली, हे आमच्या शाळा सुटलेल्या मुलांनी जरूर लक्षात ठेवावं.

कोल्हापुरातली आणखी एक घटना त्यांचा स्वभाव सांगते. 1914 च्या सुमारास तिथे राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासण्याचं प्रकरण घडलं. अण्णासाहेब लठ्ठे यांना त्यात गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्या जैन बोर्डिंगमधून भाऊरावांना काढलं, तिथले अधीक्षक हेच लठ्ठे. हिशेब चुकता करायची आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्याबद्दल तुरुंगवास आणि छळ सोसला, पण शब्द फिरवला नाही.

कंदील आणि नांगर विकणारा माणूस

भाऊरावांच्या आयुष्यातला पुढचा भाग जयंतीच्या भाषणांत दोन ओळींत उरकला जातो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची सगळी संस्था इथे शिकलेल्या व्यवहारावर उभी राहिली.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. मग ओगले काच कारखान्याच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून काम केलं. लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला लावणं सोपं नव्हतं. लोखंडाने जमीन खराब होते, अशी समजूत त्या काळी होती. त्यासाठी गावोगाव हिंडावं लागे, शेतात उतरून दाखवावं लागे, उधारी सांभाळावी लागे, वसुली करावी लागे. या फिरतीत त्यांनी खेडं आतून पाहिलं. शेतकरी कुठे फसतो, कर्जाच्या कागदावर अंगठा का उठवतो, हे पाहिलं. अंगठ्याच्या जागी सही आली पाहिजे, ही ओढ तिथूनच लागली.

1922 च्या सुमारास साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांनी मोठा वाटा उचलला. हे कूपर पुढे 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. कारखान्याच्या कमाईतला वाटा गरीब मुलांच्या शिक्षणासाठी मिळावा ही भाऊरावांची अपेक्षा होती. त्यावरून दोघांचं बिनसलं आणि भाऊराव बाहेर पडले.

यात एक धडा आहे. धंद्याच्या नफ्यावर शाळा चालवायचा विचार त्यांनी केला होता, पण नफ्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल तर शाळा त्याच्या मर्जीवर चालते. पुढे त्यांनी कमाईचं साधन मुलांच्या स्वतःच्या हातात दिलं, ते काही अचानक सुचलेलं नव्हतं.

कालेपासून साताऱ्यापर्यंत

कूपरांच्या कारखान्याआधीच शिक्षणाचं काम सुरू झालं होतं. 1910 च्या आसपास सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात सहकाऱ्यांसोबत त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. मग 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच सगळं आलं. रयत म्हणजे सामान्य जनता. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि इथल्या मातीत असा रुजला की तो बाहेरचा आहे हे कुणाला आठवतही नाही.

1924 मध्ये संस्थेचं काम साताऱ्याला हललं आणि तिथे भाऊरावांनी वसतिगृह सुरू केलं. शाहू महाराजांच्या वसतिगृहांहून त्यात एक मोठा फरक होता. कोल्हापुरात मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, मुस्लिमांचं वेगळं, दलितांचं वेगळं, अशी वसतिगृहं होती. त्या काळात तेवढं होणं हीच मोठी गोष्ट होती. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुस्लिम, जैन, रामोशी अशी सगळी मुलं एका खोलीत झोपत, एकाच चुलीवर रांधत आणि एकाच पंगतीत जेवत.

25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले. त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहतात हे पाहून गांधीजी भारावले होते. पुढे 1932 मध्ये पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढलं, त्याच्याही मुळाशी हाच एकत्र राहण्याचा विचार होता.

लक्ष्मीबाईंचे दागिने

बोर्डिंग चालवायचं म्हणजे रोज दोन वेळा चूल पेटली पाहिजे. मुलं गरिबांची, फी कुठून देणार? भाऊराव गावोगाव फिरून धान्य गोळा करत. कुणी पायलीभर ज्वारी देई, कुणी मूठभर डाळ. पण धान्य संपण्याआधी पुढचं यायलाच हवं असा काही नियम नसतो.

इथे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या सोवळं पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. सुरुवातीला हे सगळं त्यांना जड गेलं असणार. पण हळूहळू बोर्डिंगची सगळी मुलं त्यांची झाली. त्यांची आजारपणं त्यांनी काढली, त्यांच्या जेवणाखाण्याकडे स्वतः पाहिलं. धान्य संपलं तेव्हा एकेक दागिना विकला. शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1930 मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर सोनं उरलं नव्हतं. साताऱ्याकडे त्यांना रयतमाऊली म्हणतात.

आपल्याकडे संस्थेच्या कोनशिलेवर पुरुषांची नावं असतात. संस्था उभी राहते ती अनेकदा घरातल्या बाईच्या डब्यातल्या पैशांवर. ज्यांच्या अम्मीने बांगड्या गहाण ठेवून फी भरली आहे, त्यांना लक्ष्मीबाई कोण होत्या हे समजावून सांगायची गरज नाही.

कमवा आणि शिका म्हणजे नेमकं काय?

दागिने एकदाच विकता येतात, हे भाऊरावांना कळत होतं. देणगीदाराचं मन बदलू शकतं, सरकार बदलू शकतं, दुष्काळ पडू शकतो. मग कायमची चीज कोणती? मुलांचे दोन हात.

बोर्डिंगमध्ये पहिल्यापासून स्वयंपाक, पाणी, सरपण, झाडलोट, बाग ही कामं मुलंच करत. पगारी नोकर नसल्यामुळे खर्च वाचे. पुढे याचीच नीट योजना झाली. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. फी नाही, राहण्याची सोय आणि खर्चाचा भार उचलायला श्रम, अशी ही निवासी शाळा होती. 1947 मध्ये याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. मुलं शेतात राबत, खडी फोडत, विहिरी खोदत, बांधकामाला हात लावत. आपण ज्या इमारतीत शिकतो तिचे दगड आपण वाहिलेत, हे त्यांना माहीत असे. कामाच्या बदल्यात राहण्या-जेवण्याचा आणि शिक्षणाचा खर्च भागे.

वरवर पाहिलं तर यात विशेष काय, असं वाटेल. आमची मुलंही राबतातच की. पण तीन गोष्टी वेगळ्या होत्या.

एक म्हणजे कामाची वेळ शाळेच्या वेळेभोवती बसवलेली होती, शाळेची वेळ कामाभोवती नव्हे. गॅरेजवर जाणाऱ्या मुलाचं नेमकं उलटं असतं. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान, आणि वेळ उरलाच तर अभ्यास. तो कधीच उरत नाही.

दुसरी गोष्ट, श्रमाची लाज काढून टाकली गेली. पाटलाचा मुलगा आणि मांगाचा मुलगा एकाच ढिगावरची खडी फोडत असतील, तर ते काम हलक्या जातीचं राहत नाही. गरिबाच्या मुलालाच काम आणि पैसेवाल्याच्या मुलाला सूट असती, तर ही योजना पहिल्याच वर्षी बदनाम झाली असती.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. हाताचं काम येतं म्हणून मुलाची मजल तिथेच थांबवलेली नव्हती. या बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. खडी फोडली म्हणून त्यांना कुणी खडी फोडणाराच हो असं सांगितलं नाही. श्रम हा जिना होता, वरची खोली नव्हे.

आज व्यवसाय शिक्षणाची चर्चा होते तेव्हा हा फरक हमखास विसरला जातो. अमुक मोहल्ल्यातली मुलं शिकणार नाहीत, त्यांना एखादं हुनर शिकवून टाका, असं चांगली चांगली माणसंही बोलतात. हुनर हवंच, त्यात वाद नाही. प्रश्न एवढाच की ते शाळेला जोडून द्यायचं की शाळेच्या बदल्यात? भाऊरावांचं उत्तर स्पष्ट होतं.

टस्केगी आणि वर्धा

हा विचार करणारे भाऊराव एकटे नव्हते. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1881 मध्ये टस्केगी इथे कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा सुरू केली. तिथे मुलांनी स्वतः विटा पाडून इमारती बांधल्या. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी आपलं घड्याळ गहाण टाकलं आणि ती यशस्वी झाली. मग शाळेच्या विटा आजूबाजूचे गोरे लोकही विकत घेऊ लागले. भाऊरावांना महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हटलं जातं, ते यामुळेच.

इकडे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली गेली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले. शाळेने आपला खर्च आपण भागवावा हा विचार समितीने घेतला, पण एक सावधगिरीही सांगितली. उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षकाने मुलाला मजूर बनवू नये, कमाई वाढली आणि शिक्षण मागे पडलं तर सगळा हेतूच संपेल. झाकीरसाहेबांचा हा इशारा आजही प्रत्येक प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर लावावा असा आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला दुकानात, कारखान्यात कामाला ठेवणं आज कायद्याने गुन्हा आहे, आणि 18 पर्यंत धोक्याचं काम देता येत नाही. कमवा आणि शिका हे नाव घेऊन कुणी लहान मुलांना राबवू पाहील, तर त्याने भाऊरावांचं नाव घेऊ नये.

आपल्या खान्देशाने हे वारं अनुभवलेलं नाही असं नाही. भाऊरावांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं त्याच 1924 साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयात मुलांना जीव लावून सांभाळू लागले. डिसेंबर 1936 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तिथे खादी आणि ग्रामोद्योगांचं मोठं प्रदर्शन होतं. बीज इथेही पडलं होतं. कमाईला शाळेशी जोडणारी रयतसारखी मोठी चळवळ मात्र आपल्या भागात तशी उभी राहिली नाही.

अनुदान बंद झालं तेव्हा

1935 मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. बोर्डिंगमध्ये शिकलेला मुलगा शिक्षक होऊन खेड्यात परत जाईल आणि तिथे शाळा चालवेल, अशी ही साखळी होती. डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा अशाच सुरू झाल्या. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना माहीत असावी. 1955 मध्ये हायस्कूलचे शिक्षक घडवण्यासाठी साताऱ्यात जे बी.एड. कॉलेज काढलं, त्याला भाऊरावांनी मौलाना आझादांचं नाव दिलं. रयतच्या लॉ कॉलेजला नाव आहे इस्माईलसाहेब मुल्ला यांचं.

1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली. भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कूल काढायचा संकल्प केला. नेमक्या त्याच सुमारास सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचं अनुदान थांबवण्यात आलं. देश स्वतंत्र झालेला, सरकार आपलं, आणि शाळांचे पैसे बंद! शिक्षकांचे पगार अडले. अशा वेळी कितीतरी संस्था बसल्या असत्या. रयतच्या शिक्षकांनी कळ काढली, गावकऱ्यांनी धान्य आणि वर्गणी दिली, मुलांनी काम केलं. संत गाडगेबाबा मध्ये पडले, त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला. पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. 1954 मध्ये कऱ्हाडला कॉलेज निघालं, त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचं नाव दिलं.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. रयत शिक्षण संस्था केवळ मुलांच्या श्रमावर चालली, असं म्हणणं खरं नाही. सरकारी अनुदान होतं, राजेरजवाड्यांच्या देणग्या होत्या, लोकवर्गणी होती. स्वावलंबन याचा अर्थ कुणाकडून काहीच न घेणं असा नव्हता. कुणी एकाने हात काढून घेतला तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता. अनुदान बंद झालं तेव्हा तो अर्थ कसाला लागला, आणि संस्था टिकली.

अखेर

अंगात खादी, वाढलेली दाढी, अनवाणी पाय, हातात काठी असा हा माणूस शेवटपर्यंत खेडी तुडवत राहिला. कर्मवीर ही पदवी त्यांना लोकांनी दिली. 1959 मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. त्याच वर्षी 9 मे रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. मागे 38 वसतिगृहं, शंभरावर हायस्कूल आणि 3 कॉलेजं होती. संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे. पारंब्या जमिनीत उतरतात, त्यांचीच खोडं होतात आणि झाड एका बुंध्यावर अवलंबून राहत नाही.

आपण काय घ्यायचं?

आज पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातही अशी योजना आहे. कॉलेजात जाणाऱ्या गरजू मुलांनी तिची चौकशी जरूर करावी. पण आमचा प्रश्न कॉलेजच्या आधीचा आहे. आमची मुलं तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

मराठीत तालीम म्हटलं की कुस्तीचा आखाडा आठवतो आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये दोन्ही अर्थ एकत्र नांदले. आपल्या मोहल्ल्यांमध्ये हे जमणार नाही का?

कारीगरांची आपल्याकडे कमी नाही. जळगाव-धुळ्यात एकाहून एक सरस मेकॅनिक, वेल्डर, सुतार, टेलर, लूम दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडे हुनर आहे, पण प्रमाणपत्र नाही. मुलांकडे पुस्तक आहे, पण फी नाही. समाजाकडे पैसा आहे, दरवर्षी रमजानमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वाटला जातो. त्यातला बराचसा राशनच्या किटमध्ये जातो. किट गरजेचे आहेत, भुकेल्याला आधी अन्नच द्यावं लागतं. पण किट महिनाभर पुरतो आणि पुढच्या वर्षी तेच घर पुन्हा रांगेत उभं असतं.

एखाद्या मोहल्ल्याने असं करून पाहावं. पंधरा-वीस मुलांसाठी एक छोटी कार्यशाळा. वय 14 च्या वर. शाळा सुटल्यावर दोन तास, सुट्टीत थोडं जास्त. शिकवणारा मोहल्ल्यातलाच अनुभवी कारीगर, त्याला योग्य मानधन. मशीन आणि जागा यासाठी सुरुवातीचा पैसा समाजाने द्यावा. पुढचा रोजचा खर्च कार्यशाळेने कामातून काढावा, मग ते शाळांचे बाक दुरुस्त करणं असो, गणवेश शिवणं असो की वायरिंगची कामं. मुलाच्या वाट्याची रक्कम वहीत रोज लिहिली जावी आणि ती आधी त्याच्या शिक्षणाला जावी. हिशेबाची वही जुम्याच्या दिवशी कुणीही पाहू शकेल अशी उघडी असावी. आणि एक अट कुणासाठीही ढिली करू नये. शाळेत हजेरी नसेल, तर कार्यशाळेत प्रवेश नाही.

दहावीनंतर ज्याला हुनरातच पुढे जायचं आहे त्याच्यासाठी आयटीआय आहे, तिथे प्रमाणपत्र मिळतं आणि पुढे डिप्लोमाची वाटही उघडते. ज्याला डॉक्टर, वकील, शिक्षक व्हायचं आहे त्याने ते व्हावं. कार्यशाळेत शिकलेलं काम त्याच्या फीला उपयोगी पडेल आणि कामगाराकडे बघायची नजरही त्याला देईल.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. भाऊरावांकडेही सुरुवातीला नव्हती. लागतो तो रोजचा हिशेब ठेवणारा, मुलगा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारणारा एखादा खुद्दार माणूस. असा एकेक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात निघाला, तर पुढच्या वर्षी नववीच्या पटावरची काही नावं तरी दहावीच्या पटावर दिसतील. शिक्षक म्हणून आम्ही तो पट रोज उघडतो. कोणती नावं कमी झाली, हे आम्हाला पाठ असतं.